साडेत्रेसष्ट अंशांचे आकाश

मराठी कथा-कादंबरीतील चाळीविषयी आपल्या समीक्षेत पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या लेखनात दोन प्रतिमा वारंवार भेटतात. एक अंधाऱ्या खोलीची. ती घुसमटीची, दारिद्र्याची खूण मानली जाते. दुसरी गॅलरीची, ती समूहजीवनाची, शेजारधर्माची. पु. ल. देशपांडे यांची 'बटाट्याची चाळ' १९५८ साली आली तेव्हापासून दुसरी प्रतिमा मराठी वाचकाच्या मनात अधिकच घर करून बसली. मात्र खोलीत अंधार का असतो, हा साधा प्रश्न आपण सहसा विचारत नाही. अंधार हा गरिबीचा नैसर्गिक रंग आहे असे जणू गृहीतच धरलेले असते. वस्तुतः या अंधाराला इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मुंबईत तो अंशांत मोजला गेला, त्यावर नियम झाला, आणि नियमावरून मालक, नगरपालिका व सरकार यांच्यात झगडाही झाला.

प्रथम थोडे उजेडाच्या स्वभावाविषयी. घरात दिवसा जो उजेड असतो तो मुख्यतः उन्हाचा नसतो, आकाशाचा असतो. खोलीच्या एखाद्या बिंदूवरून खिडकीतून आकाशाचा जेवढा तुकडा दिसतो, तेवढ्या प्रमाणात तेथे उजेड पोहोचतो. आकाश दिसेनासे झाले की उरतो तो भिंतींवरून परावर्तित झालेला दुय्यम उजेड. दुसरी गोष्ट अशी की, आकाशाच्या वरच्या भागातून येणारा उजेड तिरपा आत शिरत नाही. तो खिडकीच्या पायाशीच कोसळतो. खोलीच्या पोटात जातो तो क्षितिजाकडून येणारा उजेड, आणि समोर इमारत उभी राहिली की सर्वांत आधी हरवतो तोच. म्हणूनच प्रकाशाचा विचार करणारा स्थापत्यकार समोरच्या इमारतीची उंची आणि मधल्या मोकळ्या जागेची रुंदी यांचे गुणोत्तर आधी पाहतो. खिडकीचा आकार त्यानंतर येतो.

मुंबईत हा विचार प्लेगने आणला. सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी रोगाचे निदान केले. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो हे सिमाँने १८९८ साली मांडले खरे, पण ते मान्य व्हायला पुढचे दशक उजाडले. तोवर अधिकाऱ्यांच्या दृष्टीने गुन्हेगार ठरली ती अंधारी, ओलसर, कोंदट खोली. छपरांवरची कौले काढून घरांत ऊन सोडले गेले. कित्येक घरांवर 'मनुष्यवस्तीस अयोग्य' या अर्थाची इंग्रजी आद्याक्षरे रंगवली गेली. १८९१ च्या जनगणनेत ८,२१,७६४ असलेली लोकसंख्या १९०१ मध्ये ७,७६,००६ वर आली. कारणमीमांसा चुकीची होती, तरी तिच्यातून निघालेली मागणी मात्र निराधार नव्हती. क्षयाच्या जंतूला ऊन सोसत नाही हे त्या काळी कळू लागले होते, आणि शहरातील सुमारे ८० टक्के लोक एकाच खोलीच्या बिऱ्हाडात राहत होते.

१८९८ साली मुंबई शहर सुधारणा विश्वस्त मंडळ, म्हणजे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट, स्थापन झाले. त्याचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी १९१२ साली मुंबईच्या घरांतील उजेड व हवा या विषयावर व्याख्यान दिले आणि एका नियमाचा आग्रह धरला. राहत्या खोलीच्या निदान एका बाजूला इतकी मोकळी जागा हवी, की भिंतीच्या पायथ्यापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत काढलेली रेषा जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांहून मोठा कोन करणार नाही. आकडा विचित्र वाटतो, पण त्यामागचे गणित शाळेतले आहे. या कोनात उंची रुंदीच्या दुप्पट होते. अर्थात इमारत ४० फूट उंच असेल, तर समोर २० फूट जागा मोकळी सोडा. लंडनच्या १८९४ च्या इमारत कायद्यात घरामागच्या जागेसाठी हाच कोन होता. तेथूनच तो मुंबईत आला. दोन चाळींमधली हाउस गल्ली त्या काळी जेमतेम भंगी-मेहतरांना वावरता येईल एवढीच असे, हे ध्यानात घेतले म्हणजे ऑर यांची मागणी जमीनमालकांना किती अवाजवी वाटली असेल याची कल्पना येते. मोकळी सोडलेली प्रत्येक फूट जागा म्हणजे बुडालेले भाडे होते.

पण हा 'उदार' नियम पाळला तरी खोलीच्या पदरात काय पडत होते? हिशेब करून पाहू. समोरची इमारत १२ मीटर उंच, अंतर ६ मीटर, तळमजल्याच्या खिडकीचा माथा २ मीटरवर. जमिनीवर बसलेल्या माणसाला भिंतीपासून १.२ मीटरपर्यंतच आकाशाची एखादी चीर दिसेल. त्यापलीकडे आकाश नाही. आता याच खोलीपुढे १.२ मीटर रुंदीची गॅलरी घाला आणि तिचे छत ३ मीटरवर धरा. आकाश दिसण्याची हद्द ४० सेंटिमीटरवर येते. म्हणजे ज्या गॅलरीने चाळीला बोलते केले, तिनेच खोलीचे उरलेसुरले आकाश झाकले. समीक्षेतील आपल्या दोन आवडत्या प्रतिमा या एकाच बांधकामाच्या दोन बाजू आहेत. गॅलरीत माणसे जमतात याचे एक कारण शेजारधर्म असेलही; दुसरे कारण हे की, निवडायला, टिपायला, वाचायला पुरेल एवढा उजेड तेथेच असतो.

हा उजेड कुणाच्या मालकीचा, हाही प्रश्न त्या काळात कायद्यापुढे होता. १८८२ च्या इझमेंट कायद्याने, जो १८९१ पासून मुंबई इलाख्याला लागू झाला, वीस वर्षे अबाधितपणे घेतलेल्या उजेडावर हक्क मान्य केला. हा हक्क घराला, पर्यायाने मालकाला चिकटतो. शेजाऱ्याने भिंत उंच केली तर मालक न्यायालयात जाऊ शकतो. पण मालकानेच अंगणात आणखी एक चाळ उभी केली, तर भाडेकरूने कुणाकडे जावे? ऑर यांच्या नियमाचे महत्त्व इथे आहे. त्याने उजेड खाजगी मालमत्तेच्या वादातून काढून सार्वजनिक आरोग्याच्या कक्षेत आणला.

या नियमाचा लाभ मात्र सर्वांना सारखा झाला नाही. दादर-माटुंग्याच्या नव्या वसाहतींत इमारतींमध्ये अंतर राहिले, झाडे आली, मध्यमवर्गाला खिडकीतून आकाश मिळाले. याउलट जुन्या वस्त्या पाडून प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड असे हवेशीर रस्ते काढताना जे विस्थापित झाले, त्यांतले बहुसंख्य जवळपासच्या उरलेल्या चाळींत शिरले आणि तेथली दाटी वाढली. ट्रस्टने आरंभीच्या दोन दशकांत जितक्या खोल्या पाडल्या, तितक्या स्वतः बांधल्या नाहीत. उजेडासाठी झालेल्या पाडापाडीने गरिबाच्या वाट्याला अधिक अंधार आला, हे कटू असले तरी खरे आहे.

१९२० नंतर वरळी, नायगाव, शिवडी व आजचा ना. म. जोशी मार्ग येथे विकास खात्याने बीडीडी चाळी बांधल्या: २०७ इमारती, तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येक मजल्यावर २० खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फूट. इथे बाहेरची गॅलरी गेली आणि इमारतीच्या पोटातून जाणारी मार्गिका आली. खोलीची खिडकी थेट बाहेर उघडू लागली, पण माणसे जेथे भेटतात ती जागा काळोखी झाली. पूर्वीचा व्यवहार इथे नेमका उलटा झाला.

स्वातंत्र्यानंतर भारतीय मानक संस्थेने दिवसाच्या उजेडासाठी मार्गदर्शक मानक तयार केले. त्यात बाहेरच्या उजेडाच्या किती टक्के उजेड खोलीतील बिंदूपर्यंत पोहोचतो, हे माप धरले आहे. बाहेर ८००० लक्स मानले, तर एक टक्का म्हणजे ८० लक्स. दिवाणखान्यासाठी ०.६२५ टक्का, अभ्यासिकेसाठी १.९ टक्के आणि स्वयंपाकघरासाठी २.५ टक्के अशी शिफारस आहे. म्हणजे स्वयंपाकाच्या जागी बैठकीच्या चौपट उजेड हवा. आपल्या चाळीतील दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात मात्र चूल व मोरी बहुधा मागच्या खोलीत, हाउस गल्लीच्या अंगाला. सर्वाधिक उजेड जिला हवा तिला सर्वांत कमी, असा तो नकाशा होता. मराठी कथेतील चुलीपुढच्या स्त्रीभोवतीचा काळोख केवळ धुराचा नाही. तो आराखड्यातच आहे.

आणि हे सारे इतिहासजमा झालेले नाही. गोवंडी-मानखुर्द परिसरातील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड अशा पुनर्वसन वसाहतींत सात-आठ मजली इमारतींमध्ये काही ठिकाणी अवघे ३ मीटर अंतर आहे. उंची २४ मीटर धरली तर कोन सुमारे ८३ अंश होतो; ऑर यांच्या नियमाने तेथे १२ मीटर जागा हवी होती. २०१८ च्या सुमारास या वसाहतींच्या पाहणीत उजेड-वाऱ्याचा अभाव आणि क्षयरोग यांचा संबंध दिसून आला, विशेषतः खालच्या मजल्यांवर. प्लेगच्या वेळी अंधाराला चुकीच्या रोगासाठी दोषी धरून शहराने निदान त्याचे माप तरी ठरवले. आज रोगही ठाऊक आहे आणि मापही ठाऊक आहे. तरी पुनर्वसनाच्या नावाखाली त्या मापात सूट दिली जाते.

तेव्हा साहित्याच्या अभ्यासकाने चाळीतील खोली वाचताना ती कितव्या मजल्यावर आहे, खिडकी कुठे उघडते, समोर काय उभे आहे, हे प्रश्न संहितेला विचारावेत. पुष्कळ चांगल्या लेखकांनी त्यांची उत्तरे नकळत देऊन ठेवलेली असतात. अशाने प्रतिमेचे मोल उणावत नाही. अंधार हे पात्राचे प्राक्तन नसून कुणीतरी घेतलेल्या निर्णयाचा परिणाम आहे, एवढे त्यातून कळते. आणि मग त्या पात्राची घुसमट आपल्याला केवळ करुण वाटत नाही, तिचा जाबही विचारावासा वाटतो.