ओसरीवरचे उमेदवार

१८६० च्या उन्हाळ्यात स्टीफन डग्लस आईला भेटायला निघाला. आई न्यूयॉर्क राज्यातल्या एका लहान गावी राहत होती. तिच्या गावाची वाट काही आठवडे पुरेल एवढी लांब नव्हती, पण डग्लस वाकड्या वाटेने न्यू इंग्लंडात शिरला. गाडी थांबेल तिथे लोक जमायचे, दोन शब्द बोला म्हणायचे आणि हा दोनशे बोलायचा. विरोधकांनी ताबडतोब ‘मुलगा हरवला आहे’ अशी पत्रकं छापली. जुलैत वॉशिंग्टनहून आईकडे निघालेला मुलगा अजून पोचलेला नाही, आई काळजीत आहे, ऱ्होड आयलंडात शिंपल्यांच्या मेजवानीत तो दिसला होता, उंची बेताची आणि घेरही तितकाच, असा त्यातला मजकूर.

डग्लस तेव्हा अमेरिकेच्या अध्यक्षपदाचा उमेदवार होता. तरीही त्याला आईचं निमित्त लागलं, कारण त्या काळी अध्यक्षपदाच्या उमेदवाराने स्वतःसाठी मतं मागत फिरणं हलकेपणाचं मानलं जाई. पद माणसाला शोधत येतं, माणसाने पदामागे धावू नये, असा संकेत होता. त्याचा प्रतिस्पर्धी अब्राहम लिंकन हा संकेत पाळून स्प्रिंगफील्डला घरी बसला. त्याने एकही प्रचारसभा घेतली नाही. रस्त्यावरचा गोंगाट त्याच्या रिपब्लिकन पक्षाने सांभाळला. ‘वाइड अवेक’ नावाची तरुणांची पथकं अंगावर झूल आणि हातात मशाली घेऊन रात्रीच्या मिरवणुका काढायची आणि विल्यम सूअर्डसारखे पक्षाचे पुढारी गावोगाव भाषणं करायचे. लिंकनला १८० निर्वाचक मतं मिळाली, वणवण फिरलेल्या डग्लसला १२. घरी बसलेल्या उमेदवारावर कार्यकर्त्यांनी चिडावं असं त्यात काही नव्हतं. ओरडणं हे त्यांचंच काम होतं.

अर्थात, हा सभ्यपणा खालच्या निवडणुकांत कधीच नव्हता. १७५८ साली व्हर्जिनियाच्या विधानसभेसाठी जॉर्ज वॉशिंग्टन उभा होता तेव्हा तो स्वतः दूर फौजेच्या छावणीत होता, पण त्याच्या मित्रांनी मतदारांना रम, वाइन आणि बिअर पाजण्यात कसर ठेवली नाही. बिल त्याच्या नावावर आलं आणि त्याने ते भागवलं. १७७७ साली जेम्स मॅडिसनने मात्र ठरवलं की प्रजासत्ताकात मतदाराला दारू पाजणं शोभत नाही. तो पडला, आणि पडला तोही एका दारूच्या गुत्तेवाल्याकडून. हा मॅडिसन पुढे राष्ट्राध्यक्ष झाला हे खरं, पण त्या दिवशी त्याच्या समर्थकांनी कपाळावर हात मारून घेतला असेल.

खरी चुळबुळ सुरू झाली ती १८९६ मध्ये. डेमोक्रॅटिक पक्षाचा विल्यम जेनिंग्ज ब्रायन अवघा ३६ वर्षांचा होता आणि त्याचा आवाज मैदानाच्या शेवटच्या माणसापर्यंत पोचायचा. त्याने रेल्वेने सुमारे १८,००० मैल पालथे घातले आणि सहाशेच्या आसपास भाषणं केली. रिपब्लिकन उमेदवार विल्यम मॅकिन्ली ओहायोतल्या कँटन गावी स्वतःच्या घराच्या ओसरीवर बसून होता. त्याच्या प्रचाराची सूत्रं हलवणारा मार्क हॅना कासावीस झाला. ब्रायनच्या गर्दीच्या बातम्या रोज येत होत्या आणि आपला माणूस जागचा हलत नव्हता. हॅनाने गळ घातली, पण मॅकिन्लीने ठाम नकार दिला. भाषणात ब्रायनशी स्पर्धा करण्यापेक्षा अंगणात झोका टांगून एखाद्या कसरतपटूशी स्पर्धा केलेली बरी, असं त्याचं म्हणणं होतं. मी आख्खी गाडी केली तर तो साध्या डब्यातून जाईल, मी साध्या डब्यातून गेलो तर तो मालगाडीतून जाईल, असा त्याचा हिशेब होता.

पण मॅकिन्लीचं घरी बसणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हतं. रेल्वे कंपन्यांनी कँटनची भाडी इतकी उतरवली की घरी राहण्यापेक्षा कँटनला जाणं स्वस्त, असा विनोद एका वर्तमानपत्राने केला. सुमारे साडेसात लाख माणसं त्या अंगणात येऊन गेली. गवत तुडवून नाहीसं झालं, आणि कुंपणाच्या फळ्या लोकांनी आठवण म्हणून उपटून नेल्या. येणाऱ्या शिष्टमंडळाचा म्होरक्या काय बोलणार हे मॅकिन्ली आधीच मागवून तपासायचा आणि त्याला साजेसं उत्तर तयार ठेवायचा. इकडे हॅनाने साडेतीन दशलक्ष डॉलरच्या घरात निधी जमवून देशभर पत्रकं आणि वक्ते धाडले. निकाल २७१ विरुद्ध १७६. हॅनाची तगमग विजयात विरून गेली. ओसरीची पुण्याई मात्र उरली आणि पुढे तिने अनेकांना दगा दिला.

त्यातला सर्वांत मोठा दगा १९४८ चा. न्यूयॉर्कचा गव्हर्नर थॉमस ड्यूई काही मुखदुर्बळ माणूस नव्हता. सरकारी वकील म्हणून त्याने १९३६ मध्ये लकी लुचियानोसारख्या टोळीप्रमुखाला तुरुंगात धाडलं होतं. १९४८ च्याच मे महिन्यात, रिपब्लिकन पक्षाची अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवण्यासाठी, तो ऑरेगनच्या गावागावांतून हिंडला आणि पक्षातला प्रतिस्पर्धी हॅरल्ड स्टॅसनला रेडिओवरच्या वादात त्याने चीत केलं. म्हणजे त्याला लढता येत होतं. पण १९४४ ची आठवण त्याला डाचत होती. तेव्हाही तोच उमेदवार होता, आणि प्रतिस्पर्धी अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टने आपल्या फाला नावाच्या कुत्र्यावरून केलेल्या खोचक भाषणाला ड्यूईने ओक्लाहोमा सिटीत जहाल उत्तर दिलं होतं. कार्यकर्ते खूश झाले, उमेदवार हरला. ते भाषण आपल्याला शोभलं नाही, ही खंत त्याच्या मनात राहिली.

आता तर सगळं आयतं ताटात वाढलेलं दिसत होतं. डेमोक्रॅटिक पक्षाची तीन शकलं झाली होती. एल्मो रोपर या जनमतचाचणीवाल्याने ९ सप्टेंबरलाच चाचण्या थांबवण्याची घोषणा केली, कारण निकाल लागल्यासारखाच होता. ‘न्यूजवीक’ने ५० राजकीय पत्रकारांना विचारलं, तर पन्नासांनी ड्यूईचं नाव घेतलं. अशा वेळी उगाच तोंड उघडून आफत कशाला ओढवून घ्यावी, हे धोरण ठरलं. गुडघ्याला बाशिंग बांधून बसणं म्हणतात ते हेच.

१८ सप्टेंबरला आयोवातल्या डेक्स्टरला नांगरणीच्या स्पर्धेत डेमोक्रॅटिक उमेदवार, अध्यक्ष हॅरी ट्रुमन उन्हात उभा राहिला. रिपब्लिकन काँग्रेसने सरकारला धान्यासाठी नवी कोठारं मिळू दिली नाहीत, भाव पडताहेत, यांनी शेतकऱ्याच्या पाठीत दाताळं खुपसलं, असं तो बोलला. दोनच दिवसांनी ड्यूई त्याच राज्यात दे मॉइनला आला आणि राष्ट्रीय ऐक्यावर सुरेल आवाजात बोलला. कोठारांबद्दल चकार शब्द नाही. पडणारे मक्याचे भाव रोज पाहणाऱ्या स्थानिक रिपब्लिकन पुढाऱ्याचं तेव्हा काय झालं असेल, ते सतरंज्या उचलत मोठा झालेला कुठलाही कार्यकर्ता सांगू शकेल.

ट्रुमन गाडीच्या शेवटच्या डब्याच्या सज्जात यायचा, विरोधकांची सालं काढायचा, मग बायकोची ओळख ‘आमच्या साहेब’ अशी करून द्यायचा आणि लोक हसत असतानाच गाडी हलायची. ड्यूईचीही खास गाडी होती. इलिनॉयमधल्या बोकू इथे ती अचानक मागे सरकली आणि ड्यूई इंजिन ड्रायव्हरला वेडा म्हणाला, सकाळी गोळी घालायला हवी असंही बोलून गेला. सबंध प्रचारात त्याच्या तोंडून निसटलेलं बहुधा एवढंच तिखट वाक्य, आणि तेही एका रेल्वे कामगारावर. बाकीच्या भाषणांचं सार लुइव्हिलच्या एका दैनिकाने चार वाक्यांत काढलं: शेती महत्त्वाची आहे, आमच्या नद्यांत मासे भरपूर आहेत, मुक्ततेशिवाय स्वातंत्र्य नाही, आणि आपलं भविष्य पुढे आहे.

ऑक्टोबरच्या शेवटी ट्रुमनने शिकागोत ड्यूईला जवळजवळ फॅसिस्टांच्या पंक्तीला बसवलं. तेव्हा मात्र ड्यूईला झोंबलं. उत्तर द्यायला तो उठलाही होता, पण सल्लागारांनी आवरलं. पत्नी फ्रान्सिसही आधीच्याच मवाळ भाषणावर ठाम राहिली. मॅकिन्लीची ओसरी निदान गर्दीने तुडवली जात होती. ड्यूईने ओसरीला चाकं लावली, देशभर फिरवली आणि तिच्यावर कोणाला चढू दिलं नाही.

ट्रुमन ३०३, ड्यूई १८९. इलिनॉय सुमारे ३३,००० मतांनी गेलं, कॅलिफोर्निया १८,००० च्या आत आणि मॅकिन्लीचं ओहायो जेमतेम ७,००० मतांनी.

चार वर्षांनी, जुलै १९५२ मध्ये, रिपब्लिकन पक्षाचं अधिवेशन शिकागोत भरलं. या वेळी ड्यूई उमेदवार नव्हता, आयझेनहॉवरसाठी पडद्यामागून सूत्रं हलवत होता. व्यासपीठावर आयझेनहॉवरचा पक्षातला प्रतिस्पर्धी रॉबर्ट टाफ्ट याच्या गटाचा एव्हरेट डर्क्सन उभा राहिला, तोच ३३,००० मतांनी गेलेल्या इलिनॉयचा. समोर बसलेल्या न्यूयॉर्कच्या प्रतिनिधींकडे बोट रोखून तो भर सभेत म्हणाला की आम्ही पूर्वीही तुमच्या मागे आलो, आणि तुम्ही आम्हाला पराभवाच्या वाटेला नेलंत. सभागृहात एकच गदारोळ झाला, आरडाओरडा, हुर्यो, धक्काबुक्की. ड्यूई खुर्चीवर बसून होता. आयझेनहॉवरची उमेदवारी त्याने त्याच अधिवेशनात पदरात पाडून घेतली.