अक्षरावरचं क्षितिज

जळगाव जिल्ह्यातल्या मुक्ताईनगरात महामार्गाच्या कडेचा वाढदिवसाचा कुठलाही बॅनर बघा. नावाची अक्षरं सोनेरी, फुगीर, आणि प्रत्येक अक्षराच्या वरच्या अर्ध्या भागावर काचेसारखी पांढरट झाक. तिला फ्लेक्सवाले नुसतं ‘ग्लॉसी’ म्हणतात. दुकानात डिझायनिंग शिकायला आलेल्या पोराला ही झाक लवकरच शिकावी लागते, कारण गिऱ्हाईक ती मागून घेतं.

कोरल ड्रॉमध्ये ती काढायला फार वेळ लागत नाही. अक्षराची नक्कल त्याच जागी ठेवायची, तिला पांढरा रंग भरायचा, मोठा लंबगोल काढून तिचा खालचा भाग छाटायचा, आणि उरलेल्या तुकड्यावर ट्रान्स्परन्सी ओढायची: वर दाट, खाली विरळ. मेख आहे ती छाटलेल्या कडेत. कड मऊ केली तर अक्षर साटीनचं दिसतं. धारदार ठेवली तरच काचेचं होतं, कारण गुळगुळीत पृष्ठभागात समोरचं आकाश आणि जमीन वेगवेगळी उमटतात. ती वाकडी रेघ म्हणजे अक्षरात पडलेलं क्षितिज.

चकाकीची हौस आपल्याकडे संगणकाच्या आधीची. राजा रविवर्म्यांचा छापखाना 1894 मध्ये गिरगावात निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या ओलिओग्राफांवर वॉर्निश चढवत, म्हणजे छापील लक्ष्मीही तैलचित्रासारखी चमके. मग पाट्या रंगवणारे पेंटर आले. ते ऑइलपेंटच्या अक्षरावर शेवटी बारीक ब्रशने पांढरा फटकारा मारत. वॉर्निश खरंच चमकतं; पेंटरची पांढरी रेघ मात्र चमक असल्याचं नुसतं सांगते. आजचं ग्लॉसी या दुसऱ्या घराण्यातलं.

संगणकाला चमक गणितात सांगितली ब्वी तुओंग फोंग या व्हिएतनामी संशोधकाने, अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या 1973 च्या प्रबंधात. परावर्तित किरण आणि बघणाऱ्याची नजर यांच्यातल्या कोनाची कोसाइन घ्यायची आणि तिचा घात वाढवत न्यायचा. घात जितका मोठा, तितका चमकीचा ठिपका लहान आणि टोकदार. फोंग 1975 मध्ये, ऐन तिशीत गेला.

फोटोशॉपच्या 1998 च्या पाचव्या आवृत्तीत अक्षर फुगवणारं बेव्हल-एम्बॉस एका क्लिकवर आलं. दोन वर्षांनी ॲपलने आपल्या संगणकाच्या पडद्याचं ‘ॲक्वा’ हे नवं रूप दाखवलं. त्यातली बटणं चाटावीशी वाटली पाहिजेत, असं स्टीव्ह जॉब्सचं म्हणणं होतं. मग जगभरची बटणं ओली दिसू लागली. 2013 मध्ये ॲपलनेच आयफोनवरून ती पुसली आणि सपाट रंगांची फॅशन आली.

ती लाट बॅनरवर फारशी आलीच नाही, आणि मला ते बरोबर वाटतं. बॅनर हातात धरून वाचायचा नसतो. धावत्या एसटीतून क्षणभर दिसतो, तेवढ्यात नाव उठून दिसायला हवं. फ्लेक्सचा कपडा मात्र फार चकचकीत नसलेला बरा, नाहीतर दुपारच्या उन्हात त्याच्यावर तिरीप पडून नावच वाचता येत नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. कोरल ड्रॉच्या तयार सीडीआर फायली एका दुकानातून दुसऱ्या दुकानात फिरतात आणि उजेडाची दिशा कुणी जुळवत नाही. अक्षरांवर उजेड वरून, फोटोतल्या साहेबांच्या गालावर डावीकडून, मागच्या तलवारीवर खालून. एका बॅनरवर तीन सूर्य! मे महिन्यात जळगाव जिल्ह्याला एकच भारी पडतो.