नैनसिंह रावत: लेह ते उदालगुरी, पायी

लडाखमध्ये सप्टेंबर लागला की नाल्यांचं पाणी ओसरतं, आकाश निवळतं आणि खिंडी अजून उघड्या असतात. लांब पल्ल्याच्या चालीला हे दिवस उत्तम. पण ते मोजकेच असतात. ते संपायच्या आत मुक्काम गाठला नाही, तर हिवाळा हिशेब चुकता करतो.

असाच एक शरद ऋतू पंडित नैनसिंह रावत यांनी १८७४ साली चांगथांगच्या पठारावर चालत काढला. कुमाऊँच्या जोहार खोऱ्यातल्या मिलम गावचे हे शाळामास्तर. चाळिशी ओलांडलेले, म्हणजे आज मी आहे त्याच वयाचे. १८६६ मध्ये ते एकदा ल्हासाला जाऊन आले होते. आता सर्व्हे खात्याच्या कॅप्टन ट्रॉटर यांनी त्यांना उत्तरेकडच्या अनोळखी वाटेनं पुन्हा धाडलं.

१५ जुलैला त्यांनी लेह सोडलं आणि पँगाँगच्या उत्तरेकडून ते तिबेटात शिरले. अंगावर लामाचा वेष. सामान होतं मेंढ्यांच्या पाठीवर. फौजी माणसाला यातली अक्कल लगेच कळेल. मेंढी ओझं वाहते, वाटेवरचं गवत खाते, म्हणजे चाऱ्याचं वेगळं ओझं नको. आणि मेंढ्या हाकणाऱ्याकडे कोण संशयानं पाहणार?

मोजणीचं साधन म्हणजे पाय. दोन हजार पावलांचा एक मैल. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी आणि दर शंभर पावलांना एक मणी. पूर्ण माळ म्हणजे पाच मैल. नोंदींचे कागद प्रार्थनाचक्रात दडवायचे, ही या पंडितांची जुनी युक्ती. खडकवासल्याला आम्ही पाठीवर पिट्ठू बांधून तोरण्याच्या वाटा तुडवल्या, तेव्हा लक्ष फक्त पुढच्या चढाकडे असायचं. पाच हजार मीटरच्या आसपास, विरळ हवेत, महिनोन्‌महिने आकडा चुकू न देणं ही शिस्त वेगळ्याच जातीची.

१८ नोव्हेंबरला ते ल्हासाला पोचले. ओळख पटण्याचा धोका दिसताच त्यांनी सर्वांत मोलाची वस्तू आधी सुरक्षित केली. आजवरच्या नोंदी दोन विश्वासू माणसांबरोबर लेहला परत पाठवल्या. मग दोनच दिवसांत शहर सोडलं. आधी उत्तरेचा रस्ता धरल्याचं भासवलं आणि अंधारात दक्षिणेला वळले.

डिसेंबरअखेर तवांग. तिथल्या मठाचा व्यापारावर मक्ता होता, परक्याला पुढे सोडत नसत. फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत त्यांना अडकून पडावं लागलं. अखेर १ मार्च १८७५ रोजी ते आसामात उदालगुरीला उतरले. पँगाँगपासून १,३१९ मैल झाले होते, म्हणजे सव्वीस लाखांहून अधिक पावलं. त्यातला बहुतेक मुलूख तोवर नकाशावर कोराच होता.

१८७७ मध्ये लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीनं त्यांना सुवर्णपदक दिलं. पण या चालींनी प्रकृती आणि दृष्टी दोन्ही खालावली होती. नकाशा इंग्रजांच्या साम्राज्यासाठी झाला, हेही खरं. तरी पावलं आपल्या डोंगरातल्या माणसाची होती.

पँगाँग आणि तवांग ही नावं आज प्रत्येक फौजी घराला ठाऊक आहेत. ही दोन टोकं एका माणसानं एकाच मोहिमेत पायांनी जोडली होती. तिकडे पोस्टिंग निघालेल्या तरुण अधिकाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: जीपमधून उतरा, थोडं चाला, पावलं मोजा. आणि जे पाहाल ते त्याच रात्री लिहून ठेवा.