‘ओळखीचं कोण आहे?’ : बनवाबनवी, भाड्याची खोली आणि आपण



विषयाचं नाव जाहीर झालं तेव्हा काही मंडळी गालात हसली, ते आम्ही पाहिलं. तत्त्वज्ञान शिकवण्यात जन्म घालवलेला माणूस पुरुषोत्तमनगरात येऊन ‘अशी ही बनवाबनवी’वर बोलणार, म्हणजे म्हातारपणाचा परिणाम! पण एखादा समाज पस्तीसहून अधिक वर्षं एकाच गोष्टीवर हसत असेल, तर ती गोष्ट इतिहासाने तपासायला हवी. माणूस उगाच हसत नाही.

चित्रपट 1988 चा. दिग्दर्शन सचिन पिळगावकरांचं, लेखन वसंत सबनिसांचं. कथेचं मूळ हृषीकेश मुखर्जींच्या 1966 सालच्या ‘बीवी और मकान’ या हिंदी चित्रपटात. पुण्यात चार तरुणांना राहायला जागा हवी. लीलाबाई काळभोरांच्या घरात जागा आहे, पण ती फक्त जोडप्यांना. मग सुधीरची सुधा होते, परशाची पार्वती होते आणि दोन ‘संसार’ थाटले जातात. पुढचं आम्ही सांगायला नको, ते तुम्हाला पाठ आहे.

आमचा प्रश्न साधा आहे. हे चौघे खोटं का बोलतात? ते लबाड आहेत म्हणून? नाही. खरं बोलणाऱ्याला तिथे छप्पर नाही म्हणून.

यामागे एक कायदा आहे. 1947 साली मुंबई राज्यात भाडे नियंत्रण कायदा आला. हेतू चांगला होता, की भाडेकरूला मनमानीपासून वाचवायचं. पण भाडं गोठलं, आणि एकदा आत आलेल्याला बाहेर काढणं महाकठीण झालं. आधीपासून आत असलेला सुरक्षित झाला, पण दाराबाहेर उभ्या असलेल्या नव्या माणसाकडे मालक संशयाने बघू लागला. संशय आला की अटी आल्या. लग्न झालंय का, आडनाव काय, जेवणात काय चालतं. नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 चा, लागू झाला 2000 साली. म्हणजे चित्रपट आला तेव्हा जुनाच कायदा चालू होता. लोक हसले ते ओळखीच्या दुखण्यावर हसले.

पुरुषाने लुगडं नेसणं मराठी माणसाला नवं नव्हतं. 1913 च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके. बालगंधर्वांबद्दल तर बोलायलाच नको. पण तिथे फसवणूक नव्हती. सोंग कोणाचं आहे हे थिएटरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. बनवाबनवीत ते आपल्याला ठाऊक असतं, लीलाबाईंना नसतं. सगळा विनोद या फटीत आहे.

वेदान्तात दोरी आणि सापाचा दृष्टान्त येतो. अंधारात दोरी साप भासते, आणि चूक पाहणाऱ्याची असते. इथे उलटं आहे. मालकाला सापच हवा आहे, म्हणून बिचारी दोरी फणा काढून बसते! (हशा)

अमेरिकेत 1959 मध्ये बिली वाइल्डर यांनी ‘सम लाइक इट हॉट’ केला. तिथे दोन वादक गुंडांपासून जीव वाचवायला बायकांचा वेश घेतात. वाइल्डर स्वतः ज्यू. हिटलर सत्तेवर आल्यावर 1933 साली त्यांनी बर्लिन सोडलं. ‘मी कोण’ या उत्तरावर जीव अवलंबून असतो, हे त्या माणसाला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं.

मराठीत ‘ओळख’ या शब्दाचे दोन अर्थ आहेत. मी कोण, ही एक ओळख. मला कोण जाणतं, ही दुसरी. परगावी गेलेल्या माणसाकडे दुसरी नसते, आणि म्हणून त्याच्या पहिलीवरही कोणी विश्वास ठेवत नाही.

हे आम्ही भोगलं आहे. पन्नासेक वर्षांपूर्वी संशोधनासाठी पुण्यात खोली शोधत होतो. बोलण्यात अहिराणीची लकब. मालकांनी विचारलं, ‘ओळखीचं कोण आहे इथे?’ कोणी नव्हतं. मग घराणं, शिक्षण, खाणं-पिणं, सगळं आम्ही त्यांना आवडेल असं सांगितलं. खोली मिळाली. पुढे वडील भेटायला आले, तेव्हा त्यांना खोलीवर नेलं नाही. त्यांनी तोंड उघडलं असतं तर आमचं सोंग उतरलं असतं. एसटी स्टँडवरच चहा पाजला, जेवू घातलं आणि रात्रीच्या गाडीत बसवून दिलं. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. चित्रपट पाहताना आम्हीही पोट धरून हसतो, पण मध्येच तो स्टँड आठवतो.

शिवाय आमचं सोंग निभलं. ज्याचं नावच जात किंवा धर्म सांगतं, त्याने कोणता टोप घालावा?

आता आपल्या अंगणात पाहू. हे नगर साखर कारखान्याभोवती वसलं. गुजरी, अहिराणी, भिली, पावरी, सगळ्या बोली इथल्या वाटेवर ऐकू येतात. ऊसतोडीच्या हिशेबात नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. म्हणजे जोडप्याची अट इथेही आहेच. फक्त पुण्यात जोडप्याला घर मिळायचं, इथे जोडप्याला पाचटाची खोपी मिळते. बाईच्या घामाला वेगळं नावसुद्धा नाही. आणि आपल्या भागातली माणसं तोडीला बारडोलीकडे गेली की तिथे ती सगळी सरसकट ‘खानदेशी’. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने त्यांचा अभ्यास करून लिहिलं आहे. भिल्ल कोण, कोणत्या गावचा, कोणाला पडलंय? ओळख चुकते ती अशीही चुकते, आणि त्यावर कोणी विनोदी चित्रपट काढत नाही.

तुमची मुलं आज पुण्या-नाशिकला, सुरतेला खोल्या शोधताहेत. त्यांना कोणते प्रश्न विचारले जातात ते घरी गेल्यावर फोन करून विचारा. आणि हंगामात आपल्या दाराशी कोणी जागा विचारायला आलं, तर आपण पहिला प्रश्न कोणता विचारतो, तेही जरा आठवा.

आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर घेऊ.