शाळेविषयीचे लोकमत आणि त्याची साधने : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात

शिक्षणाच्या इतिहासाची साधने आपल्याकडे विपुल आहेत; परंतु ती बहुतांशी एका बाजूची आहेत. शिक्षणखात्याचे वार्षिक अहवाल, निरनिराळ्या आयोगांची प्रतिवृत्ते, कायद्यांचे मसुदे आणि परीक्षांचे निकाल यांवरून शाळा चालविणाऱ्यांचे विचार कळतात. शाळेत मूल धाडणाऱ्या बापाला आणि शाळेत बसणाऱ्या मुलाला त्या शाळेविषयी काय वाटत होते, हे मात्र त्यांवरून क्वचितच कळते. जेथे पालकांचा उल्लेख येतो तेथे ‘उदासीन’ या एकाच विशेषणात प्रश्न मिटविलेला असतो. हे विशेषण कितपत साधार आहे, आणि त्याच्या जागी अधिक विश्वसनीय निर्णय द्यावयाचा तर कोणत्या साधनांकडे वळावे, याचा विचार प्रस्तुत लेखात ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांच्या संदर्भात करावयाचा आहे.

हे दोन तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी एकमेकांस लागून आहेत. शहापूरचा भाग पूर्वी कोळवण या नावाने ओळखला जाई. येथील आसनगाव, आटगाव, खर्डी व कसारा ही स्थानके मुंबईहून नाशिककडे जाणाऱ्या लोहमार्गावर आहेत. मुरबाड तालुक्यातून नाणेघाट व माळशेज घाट या देशावर चढणाऱ्या वाटा जातात. आगगाडी मात्र तेथे पोहोचली नाही. वस्ती मुख्यतः कुणबी, आगरी, ठाकूर, महादेव कोळी व कातकरी यांची. मुंबईस पाणी पुरविणारी तानसा व भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात आहेत. महानगराच्या इतक्या निकट असूनही डोंगरी राहिलेल्या या प्रदेशात शाळेविषयीचे मत कसे घडले, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

१

मुंबई इलाख्यात शाळेविषयी ‘एतद्देशीयांचे मत’ प्रथम ज्या सभागृहात विधिवत् मांडले गेले, तेथे ते मांडणारा गृहस्थ मूळचा मुरबाडचाच होता, हा योगायोग लक्षणीय आहे. जगन्नाथ शंकरशेट यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी मुरबाड येथे झाला. १८४० साली स्थापन झालेल्या शिक्षणमंडळाचे ते सभासद होते आणि १८५६ पर्यंत त्यांनी त्या पदावर काम केले. १८४७ साली मंडळात शिक्षणाच्या माध्यमाविषयी मोठा वाद झाला. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल मोजक्या लोकांस इंग्रजीतून उच्च शिक्षण देण्याकडे होता. कर्नल जर्व्हिस यांनी देशी भाषांचा पक्ष घेतला आणि शंकरशेट व इतर एतद्देशीय सभासद त्यांच्या बाजूने उभे राहिले. सामान्य जनतेपर्यंत विद्या न्यावयाची तर ती तिच्याच भाषेतून गेली पाहिजे, असे शंकरशेट यांचे प्रतिपादन होते. इंग्रजीला त्यांचा विरोध नव्हता. ज्यांना सवड व सामर्थ्य आहे त्यांनी ती अवश्य शिकावी, असेच त्यांचे म्हणणे होते.

येथे एक भेद ध्यानात ठेवला पाहिजे. शंकरशेट यांनी मांडलेले मत हे मुंबईतील एका संपन्न व दूरदर्शी पुढाऱ्याचे, लोकांच्या वतीने मांडलेले मत होते. मुरबाडच्या कुळवाड्याला त्या मंडळात स्थान नव्हते. त्याचे मत शोधावयाचे तर ते त्याच्या शब्दांत सापडणार नाही. त्याने काय दिले, काय नाकारले आणि काय मागितले, यांतच ते शोधावे लागेल.

२

देण्याचा विचार प्रथम करू. १८५४ च्या सुमारास मुंबई इलाख्यात अंशतः स्वावलंबी शाळांची पद्धत सुरू झाली. मास्तरांच्या पगाराचा अर्धा भाग गावकऱ्यांनी उचलावा आणि शाळेसाठी जागाही त्यांनीच द्यावी, असा तिचा आशय होता. जे गाव वर्गणी देईल त्यास शाळा, असा हा न्याय असल्याने डोंगरी व गरीब गावे साहजिकच मागे पडली. पुढे १८६३ पासून जमीनमहसुलाच्या दर रुपयामागे एक आणा लोकलफंडाचा कर घेण्यास प्रारंभ झाला, १८६९ च्या कायद्याने त्यास वैधता आली आणि त्याचा तिसरा हिस्सा शिक्षणासाठी राखून ठेवण्यात आला. वर्गणी ऐच्छिक होती. कर सक्तीचा होता. ज्याचे मूल शाळेत जात नव्हते तो शेतकरीही आता शाळेचा खर्च भरू लागला.

या विसंगतीवर सर्वांत स्पष्ट बोट ठेवले ते जोतीराव फुले यांनी. हंटर आयोगापुढे ऑक्टोबर १८८२ मध्ये सादर केलेल्या निवेदनात त्यांनी सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांस होतो, अशी तक्रार केली. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, शिक्षक शक्य तेथे शेतकरी वर्गातून घ्यावेत, त्यांना पुरेसा पगार द्यावा आणि मोडी, बाळबोध, हिशेब, शेतीची मूलतत्त्वे व आरोग्य यांचे ज्ञान द्यावे, अशा त्यांच्या सूचना होत्या. सरकारी हायस्कुलांविषयीचा त्यांचा अभिप्राय विशेष मननीय आहे. तेथील अभ्यासक्रम व्यवहारोपयोगी नाही, त्यातून कारकून व शिक्षक तेवढे निघतात आणि मॅट्रिक्युलेशन परीक्षेने शिक्षक-विद्यार्थ्यांचे सारे लक्ष वेधून घेतले आहे, असे त्यांनी म्हटले. मुंबई विद्यापीठाची पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा १८५९ साली झाली होती. अवघ्या तेवीस वर्षांत परीक्षेने शाळेस व्यापून टाकले, असा हा निर्वाळा होय.

३

आता नाकारण्याचा विचार करू. मुलांस शाळेत न धाडणे वा मध्येच काढून घेणे हे उदासीनतेचे लक्षण मानण्याची प्रशासकीय परंपरा जुनी आहे. या प्रदेशाचे शेतीचे वर्ष शाळेच्या वर्षाशेजारी ठेवून पाहिले म्हणजे तिचे स्वरूप उघड होते. एप्रिल-मेमध्ये राब भाजणी, जून-जुलैत भाताची लावणी, ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी आणि झोडणी, त्यानंतर गवताची कापणी. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणजे नेमकी लावणीच्या तोंडावर. लावणीच्या दिवसांत घरातील प्रत्येक हात चिखलात लागतो. ज्यांना चिखलात घेता येत नाही त्या धाकट्यांस सांभाळण्याचे काम मोठ्या बहिणीकडे येते. मुलींची हजेरी मुलांहून कमी राहण्याचे हे एक ठळक कारण आहे.

कातकरी कुटुंबांची स्थिती याहून बिकट. दिवाळीनंतर ही कुटुंबे उचल घेऊन भिवंडी, कल्याण, वसई या बाजूंच्या वीटभट्ट्यांवर जातात ती पावसाच्या तोंडावर परततात. घर हलले की मूल हलते, आणि हजेरीपटावर त्याच्या नावापुढे शून्ये पडत जातात. वार्षिक परीक्षा उन्हाळ्यात होते तेव्हा ते भट्टीवर असते. १९९० नंतरच्या दशकात विधायक संसद या संस्थेने वीटभट्ट्यांवर ‘भोंगाशाळा’ चालविल्या. शाळाच कामाच्या जागी नेली तेव्हा त्याच कुटुंबांतील मुले शिकावयास बसली. ज्या पालकांस उदासीन म्हटले जात होते त्यांची अडचण मताची नव्हती, ऐपतीची व ठिकाणाची होती, असे या उदाहरणावरून म्हणता येते.

यावरून संशोधनाचा एक नियम निघतो. गैरहजेरी हे मताचे साधन मानण्यापूर्वी पालकास निवडीचे स्वातंत्र्य होते काय, हे पाहिले पाहिजे. जेथे पर्याय नव्हता तेथील वर्तनावरून मत काढणे म्हणजे नाइलाजास अभिप्राय समजणे होय.

४

म्हणून जेथे अल्प का होईना पण निवड होती, अशी स्थळे पाहावी लागतात. पहिले स्थळ परीक्षेचे. मराठी सातवीची म्हणजे व्हर्नाक्युलर फायनलची परीक्षा उत्तीर्ण झालेल्यास प्राथमिक शिक्षकाची वा तलाठ्याची जागा मिळण्याचा संभव असे. ग्रामीण भागात या परीक्षेस जो मान होता तो या कारणाने. पुढे १९४८ च्या कायद्यान्वये माध्यमिक शालान्त परीक्षेची व्यवस्था झाली आणि तो मान हळूहळू एस. एस. सी. कडे गेला. १९५९ साली आर्थिकदृष्ट्या मागासलेल्यांच्या शिक्षणशुल्कास माफी मिळाल्यावर आणि १९६२ पासून जिल्हा परिषदा कार्य करू लागल्यावर माध्यमिक शाळेची वाट खेड्यातील पालकास प्रथमच आटोक्यातली वाटू लागली. महाराष्ट्रात माध्यमिक शिक्षणाचा मोठा भार खासगी अनुदानित संस्थांनी उचलला. त्यांच्या जोडीला आदिवासी भागांत आश्रमशाळा आल्या. १९८३ साली आदिवासी विकासाचे स्वतंत्र खाते झाले आणि या भागातील शासकीय आश्रमशाळा शहापूर येथील प्रकल्प कार्यालयाच्या कक्षेत आल्या.

दुसरे स्थळ अभ्यासक्रमाचे. ग्रामीण मुलास शेती व हस्तोद्योग शिकवावेत, असे सुधारकांनी व आयोगांनी वारंवार सुचविले. १९३७ च्या वर्धा योजनेने उद्योगास शिक्षणाचे केंद्र मानले, १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने बहुउद्देशी शाळांची शिफारस केली. या योजनांमागील हेतू उदात्त होता; परंतु पालकांनी त्यांचे स्वागत थंडपणानेच केले. शेती व मजुरी मूल घरीच शिकते, त्यासाठी शाळेत कशाला धाडावे, हा त्यांचा युक्तिवाद तर्काला धरून होता. फुले यांच्या टीकेशी तो विसंगत दिसतो, तथापि विरोध वरवरचा आहे. फुले यांना कष्टकऱ्यांच्या मुलांनी नांगराशीच राहावे असे अभिप्रेत नव्हते; त्यांतून शिक्षक व अधिकारी निघावेत हीच त्यांची मागणी होती. पालकांनी कारकुनीची वाट धरली ती याच मागणीची दुसरी बाजू होय.

तिसरे स्थळ भाषेचे. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात इंग्रजीचे अध्यापन आठवीपासून ठेवण्याचे धोरण आले आणि पुढे ते मागे सरकत गेले. २००० सालापासून महाराष्ट्रात इंग्रजी पहिलीपासून सुरू झाली. आदिवासी विद्यार्थ्यांस नामांकित इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत प्रवेश देण्याची शासकीय योजनाही त्यानंतर आली. ठाकूर वा कातकरी पालक अशा प्रवेशासाठी अर्ज करतो तेव्हा तो १८४७ च्या वादात आपले मत नोंदवीत असतो. शंकरशेट यांनी सवड व सामर्थ्य असलेल्यांसाठी राखलेली वाट त्याला आपल्या मुलासाठी हवी असते. हे मत शैक्षणिकदृष्ट्या योग्य की अयोग्य, हा निराळा प्रश्न. परंतु त्यास उदासीनता खचित म्हणता येणार नाही.

चौथे स्थळ दाखल्याचे. शाळा सोडल्याचा दाखला हा गरीब कुटुंबातील बहुधा पहिला लेखी दस्तऐवज. अनुसूचित जमातींची यादी १९५० साली जाहीर झाली. तिच्या आधारे जमातीचा दावा सिद्ध करताना आजोबा-पणजोबांच्या शाळेतील नोंदींस मोठे महत्त्व येते. जातप्रमाणपत्रांच्या पडताळणीचा २००० सालचा राज्य कायदा आल्यापासून ते अधिकच वाढले. ‘ठाकूर’ हे नाव इतर समाजांतही असल्याने या जमातीच्या लोकांस जुन्या नोंदीची गरज विशेष भासते. ज्याचा आजा शाळेत गेलाच नाही त्याच्यापाशी ही नोंद नसते. पूर्वीची गैरहजेरी आज नातवाच्या हक्कावर परिणाम करते, इतका हा विषय जिवंत आहे.

५

विद्यार्थ्यांचे मत पालकांच्या मताहूनही दुर्मीळ. निबंधाच्या वह्या रद्दीत जातात, परीक्षेच्या उत्तरपत्रिका नष्ट होतात. क्वचित् विद्यार्थी आपले मत रस्त्यावर आणतात. २०१८ साली वसतिगृहातील भोजनाऐवजी बँक खात्यात रक्कम देण्याच्या निर्णयाविरुद्ध आदिवासी विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिकच्या दिशेने पायी मोर्चा काढला. अन्नाविषयीच्या त्या मागणीत शाळेविषयीचाही अभिप्राय होता : दूरच्या मुलाला शाळा म्हणजे केवळ वर्ग नव्हे, जेवण, निवारा व अभ्यासाची जागा मिळून ती शाळा होते.

पालकांच्या मतास वैधानिक स्थान मिळाले ते फार उशिरा. २००९ च्या बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्याने, विनाअनुदानित शाळा वगळून, शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत असे ठरविले. हा कायदा आठवीपर्यंतच्या शिक्षणापुरता आहे. म्हणजे हायस्कुलाची शेवटची दोन वर्षे, ज्यांवर कुटुंबाच्या साऱ्या आशा खिळलेल्या असतात, ती त्याच्या कक्षेबाहेर राहिली. तथापि या समित्यांची इतिवृत्ते हे उद्याच्या इतिहासकाराचे मोलाचे साधन ठरेल. शंकरशेट यांच्या काळी जे दुसऱ्याच्या मुखाने बोलले गेले, ते येथे पालकाच्या सहीने वा अंगठ्याने नोंदले जात आहे.

समारोपादाखल एक सूचना करावीशी वाटते. दोन्ही तालुक्यांतील जुन्या शाळांत दाखल-खारीज नोंदवह्या, हजेरीपट आणि तपासनिसांची शेरेबुके आहेत. दाखल-खारीज नोंदवहीत ‘शाळा सोडल्याचे कारण’ असा एक रकाना असतो. त्यातील शब्द मुख्याध्यापकाचे असले तरी निर्णय घरचा असतो. हे रकाने गावागावाने, वर्षावर्षाने, मुलगे व मुली वेगळे करून उतरून घ्यावेत. त्यांच्याशेजारी पाऊस, पीक व स्थलांतर यांची माहिती ठेवावी. आणि वृद्ध माजी विद्यार्थ्यांच्या मुलाखतींनी ती पडताळून पाहावी. पदव्युत्तर विद्यार्थ्यांस एका शाळेची एक नोंदवही हा प्रबंधिकेस पुरेसा विषय आहे. कागद वाळवी व ओल यांच्या स्वाधीन होत आहेत, म्हणून हे काम लांबणीवर टाकण्याजोगे नाही. ‘उदासीन’ हा शेरा लिहिण्यास एक ओळ पुरते. तो खोडण्यास मात्र या सर्व वह्या उघडाव्या लागतील.