तुरा येथून आलेले सभापती

सन १९९६ च्या मे महिन्याची अखेर होती. सेमिनरीला उन्हाळी सुटी लागल्याने आम्ही एका धर्मग्रामात मदतीसाठी राहिलो होतो. तेथील वृद्ध फादर एरवी दूरचित्रवाणी संचाकडे ढुंकूनही पाहत नसत. पण त्या दोन दिवसांत जेवणाची ताटे घेऊन आम्ही दोघेही त्या संचासमोरच बसलो होतो. अटलबिहारी वाजपेयी यांच्या तेरा दिवसांच्या सरकारवरील विश्वासदर्शक ठरावाची चर्चा चालू होती आणि लोकसभेतील ते घमासान देशभर थेट दाखवले जात होते. उंच आसनावर एक ठेंगणे, हसतमुख गृहस्थ बसलेले. कोणी आरडाओरडा केला की ते हसत हसत त्याला खाली बसवीत. "हा आपला माणूस बरे," फादर म्हणाले, "सलेशियनांनी शिकवलेला."

पूर्णो अगितोक संगमा हे त्यांचे नाव. 'आपला माणूस' या दोन शब्दांचा आम्हांला त्या दिवशी अभिमान वाटला, हे कबूल केले पाहिजे. पुढे त्यांची कारकीर्द जसजशी उलगडत गेली, तसतसा तो अभिमान तपासून पाहण्याची वेळही आमच्यावर आली.

१ सप्टेंबर १९४७ रोजी, स्वातंत्र्यानंतर अवघ्या पंधरवड्याने, गारो टेकड्यांतील चपाहाती या लहानशा गावी त्यांचा जन्म झाला. गारो समाज मातृवंशीय; मूल आईच्या कुळाचे नाव लावते, आणि संगमा हे अशाच एका मोठ्या कुळाचे नाव. त्यामुळे त्या मुलखात संगमा पावलोपावली भेटतात. लहानपणीच पितृछत्र हरपले, घरात दारिद्र्य, भावंडे पुष्कळ. पूर्णोची शाळा सुटली. फादर जोव्हान्नी बात्तिस्ता बुसोलिन या सलेशियन मिशनरी धर्मगुरूंनी त्याला पुन्हा शाळेत आणून बसवले. त्यानंतर शिलाँगचे सेंट अँथनी कॉलेज, दिब्रुगड विद्यापीठाची आंतरराष्ट्रीय संबंध या विषयातील पदव्युत्तर पदवी, शिवाय कायद्याची पदवी, असा तो प्रवास झाला. फादर बुसोलिन मूळचे इटलीचे. हा तपशील वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याची गरज पडणार आहे.

मेघालय राज्य १९७२ साली अस्तित्वात आले. लोकसभेत त्याच्या वाट्याला जागा दोनच, शिलाँग आणि तुरा. आपल्या महाराष्ट्राच्या अठ्ठेचाळीस. १९७७ साली उत्तर भारतात काँग्रेसची धूळधाण होत असताना वयाची तिशीही न ओलांडलेले संगमा काँग्रेसच्या तिकिटावर तुरा येथून निवडून आले. मग १९८०, १९८४, १९९१, १९९६, १९९८, १९९९, २००४ आणि २०१४; नऊ सार्वत्रिक निवडणुकांत तुरा मतदारसंघाने त्यांनाच दिल्लीला पाठवले. मध्ये १९८८ ते १९९० ते मेघालयाचे मुख्यमंत्री होते. केंद्रात कामगार, माहिती व नभोवाणी अशी खातीही त्यांनी सांभाळली. गारो टेकड्यांत बॅप्टिस्ट बंधूंची संख्या मोठी, कॅथोलिक त्या मानाने कमी. तुरा धर्मप्रांतही १९७३ सालचा. तेथील मतदारांनी एका कॅथोलिकास इतकी वर्षे आपला मानला. मतपेटीसमोर पंथांचा हिशेब मांडू पाहणाऱ्या आपल्याकडील काही मंडळींनी याचा विचार करावा.

२३ मे १९९६ रोजी ते लोकसभेचे सभापती झाले. सरकार भारतीय जनता पक्षाचे, संगमा काँग्रेसचे, आणि निवड मात्र एकमताने. विरोधी बाकांवरील सदस्य असा सभापती होण्याची ही पहिलीच वेळ होती. आदिवासी समाजातील व्यक्ती त्या आसनावर बसण्याचीही पहिलीच. अवघ्या बावीस महिन्यांत त्यांच्यासमोर वाजपेयी, देवेगौडा व गुजराल असे तीन पंतप्रधान आले. बहुमत कोणाचेच नव्हते, सभागृह फाटलेले होते; तरीही सभापती पक्षपात करतात अशी तक्रार क्वचितच कोणी केली असेल. त्यांचे हिंदी मोडकेतोडके होते, पण त्याचा त्यांना संकोच नसे, आणि चिडलेला सदस्यही त्यांच्यापुढे हसून खाली बसे. १९९७ साली स्त्रियांच्या सक्षमीकरणासाठी संसदेची स्वतंत्र समिती स्थापन झाली, तीही त्यांच्याच कारकिर्दीत.

स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवाची ती मध्यरात्र अनेकांच्या स्मरणात असेल. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात आपले पंडित भीमसेन जोशी व लता मंगेशकर गायले. त्यानंतर काही दिवसांनी खास अधिवेशन भरले. प्रथेनुसार सभापती बोलत नाहीत, बोलू देतात. त्या दिवशी मात्र चर्चेचा प्रारंभ सभापतींनीच केला आणि दुसऱ्या स्वातंत्र्यलढ्याची हाक दिली. अधिवेशनाच्या अखेरीस सदस्यांनी एकमताने ठराव केला: प्रश्नोत्तराचा तास अबाधित राखू, सभापतींच्या आसनासमोरील मोकळ्या जागेत धाव घेणार नाही, घोषणा देणार नाही. त्या शब्दाचे पुढे काय झाले, हे वाचकांना सांगावयास नको.

आता तो अवघड भाग. मे १९९९ मध्ये शरद पवार, तारिक अन्वर आणि संगमा या तिघांनी सोनिया गांधी यांच्या परदेशी जन्माचा मुद्दा उपस्थित केला. काँग्रेसने तिघांनाही काढून टाकले, आणि त्यातून राष्ट्रवादी काँग्रेस पक्ष जन्मास आला. महाराष्ट्राच्या राजकारणाला त्या पक्षाने कसे वळण दिले, हे आपण सारे जाणतो. देशाचे सर्वोच्च पद येथे जन्मलेल्या व्यक्तीकडेच असावे, असे एखाद्याला प्रामाणिकपणे वाटू शकते. संगमांना ते तसे वाटत होते, याविषयी आम्हांला शंका नाही. तरीही त्या दिवशी वर्तमानपत्र वाचताना आमच्या डोळ्यांसमोर फादर बुसोलिन उभे राहिले. ज्याला एका इटालियन माणसाने हाताला धरून शाळेत नेले, त्यानेच इटलीतील जन्मावर बोट ठेवावे? राज्यघटनेचा प्रश्न वेगळा आणि कृतज्ञतेचा वेगळा, अशी स्वतःची समजूत आम्ही तेव्हा घातली. ती पुरती पटली मात्र नाही. पुढे २००९ साली कन्या अगाथा केंद्रात राज्यमंत्री झाल्यावर संगमांनी सोनिया गांधी यांची भेट घेऊन दिलगिरी व्यक्त केली. दहा वर्षे लागली, पण ते गेले.

पक्षांतरांचा आरोप त्यांच्यावर सदैव होत राहिला आणि तो निराधार नव्हता. पवारांनी काँग्रेसशी पुन्हा जुळवून घेताच २००४ मध्ये ते ममता बॅनर्जी यांच्यासोबत गेले. त्या निवडणुकीत तृणमूलचे लोकसभेत दोघेच निवडून आले, एक ममता आणि दुसरे संगमा. २००५ मध्ये त्यांना पुन्हा राष्ट्रवादीत परतावेसे वाटले, तेव्हा त्यांनी खासदारकीचा राजीनामा दिला आणि फेब्रुवारी २००६ च्या पोटनिवडणुकीत ते मतदारांसमोर उभे राहिले. पक्षांतरबंदी कायद्याने सदस्यत्व गेलेच असते, असे कोणी म्हणेल. खरे आहे. परंतु त्याच कायद्याला वळसा घालून खुर्ची राखणारे किती, आणि कौल मागावयास परत जाणारे किती?

२०१२ साली आदिवासी व्यक्ती राष्ट्रपती व्हावी असा आग्रह धरून ते निवडणुकीस उभे राहिले. राष्ट्रवादीने साथ दिली नाही, म्हणून पक्ष सोडला. शिवसेनेनेही आपले मत प्रणव मुखर्जी यांच्याच पारड्यात टाकले. मुखर्जींच्या मतांचे मूल्य ७,१३,७६३ भरले, संगमांचे ३,१५,९८७. आदिवासी राष्ट्रपतीसाठी देशाला आणखी दहा वर्षे थांबावे लागले. २०२२ मध्ये द्रौपदी मुर्मू त्या पदावर आल्या.

४ मार्च २०१६ रोजी दिल्लीत हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचे निधन झाले. तेव्हाही ते तुऱ्याचे खासदारच होते. संसदेचे अधिवेशन चालू होते. सभापतिपदी आपल्या चिपळूणच्या सुमित्रा महाजन होत्या. त्यांनी सभागृहाला ही वार्ता दिली आणि त्या दिवसाचे कामकाज थांबले. पुढील वर्षी पद्मविभूषण हा सन्मान त्यांना मरणोत्तर मिळाला. २०१८ मध्ये पुत्र कॉनराड मेघालयाचे मुख्यमंत्री झाले, तर २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत तुरा येथे अगाथा पराभूत झाल्या. विजयी झालेले काँग्रेसचे उमेदवारही संगमाच, पण दुसऱ्या घरातील. घराणे म्हणून तुऱ्याने कोणाला कायमचा शब्द दिला नव्हता.

संगमांनी २०१३ साली स्थापन केलेल्या नॅशनल पीपल्स पार्टीला २०१९ मध्ये राष्ट्रीय पक्षाची मान्यता मिळाली. ईशान्येतील पक्षाला हा मान प्रथमच लाभला. त्या पक्षाचे निवडणूक चिन्ह आहे पुस्तक.