तोशिकोची सोळा जणांची मंडळी

बाईने गट उभा केला, गट चालवला, अशा गोष्टी आपण या कार्यक्रमात ऐकतो. आजची गोष्टही तशीच आहे, पण तो गट बचतीचा नव्हता, वाजवणाऱ्यांचा होता.

तोशिको अकियोशी यांचा जन्म १९२९ सालचा, चीनमधल्या मांचुरियात राहणाऱ्या जपानी कुटुंबातला. महायुद्धात जपान हरला आणि १९४६ साली या कुटुंबाला सगळं तिथेच सोडून मायदेशी यावं लागलं. घरात पियानो उरला नाही. तेव्हा बेप्पू शहरातल्या एका नाचघरात तोशिकोताईंनी पियानो वाजवायचं काम धरलं. तिथे त्यांना जॅझची गोडी लागली. जॅझ म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लोकांनी घडवलेलं संगीत. त्यात चाल ठरलेली असते, पण वाजवणारा आयत्या वेळी स्वतःची भर घालतो.

१९५६ साली त्या बोस्टनच्या बर्कली संगीतशाळेत शिकायला गेल्या. किमोनो घातलेली जपानी बाई जॅझ वाजवते, याचंच लोकांना नवल वाटायचं. वाजवणं कसं आहे, ते मागे राहायचं.

१९७३ साली लॉस एंजेलिसमध्ये पती ल्यू टबॅकिन यांच्यासोबत त्यांनी सोळा जणांचा वाद्यवृंद उभारला. सॅक्सोफोन, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन अशी फुंकून वाजवायची वाद्यं, जोडीला बास, ड्रम आणि पियानो. बरेच वादक पोटासाठी दुसरीकडे वाजवायचे. तरी आपल्या बैठकीसारखा दर आठवड्याला सराव व्हायचा. कुणी काय वाजवायचं, ते तोशिकोताई स्वतः लिहून द्यायच्या.

मार्च १९७४ मध्ये एक बातमी आली. हिरो ओनोदा हा जपानी सैनिक फिलिपिन्सच्या जंगलातून बाहेर आला होता. युद्ध १९४५ सालीच संपलं होतं, पण त्याने ते मानलं नव्हतं. एकोणतीस वर्षं तो तिथेच राहिला. त्याच्यावर तोशिकोताईंनी 'कोगुन' ही रचना केली. कोगुन म्हणजे एकाकी पडलेली फौज. या रचनेत त्यांनी जपानच्या जुन्या नोह नाटकातले हाताने वाजवायचे ढोल घेतले, सोबतच्या लांबवलेल्या हाकाही घेतल्या. अमेरिकी बाजासोबत जपानी ढोल वाजला. त्याच वर्षी या वाद्यवृंदाचा पहिला अल्बम याच नावाने जपानमध्ये निघाला.

आधी ज्या जपानीपणाचं लोकांना नुसतं नवल होतं, त्याचाच आता सूर झाला. पुढे 'डाउनबीट' मासिकाच्या वाचकांनी संगीतरचनेसाठी त्यांना पहिलं स्थान दिलं. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. २००३ पर्यंत, म्हणजे तीस वर्षं, त्यांनी मोठा वाद्यवृंद चालवला.

मैत्रिणींनो, गटात येताना आपल्याही कितीतरी जणी आपलं काही घरीच ठेवून येतात. कुणाला बियाणं राखायची रीत येते, कुणाचा गळा गोड असतो. "त्यात काय सांगायचं," असं म्हणून त्या गप्प बसतात. पुढच्या बैठकीत हिशोब झाला की एकमेकींना एवढंच विचारूया: तुझा ढोल कोणता?